जहाल रेड टिप, मवाळ टेक आणि दोन तोंडांचा स्लिम (लातूरच्या बोअरच्या पाण्यासकट)

जुना जिलेट स्लिम रेझर मागवला, तेव्हा विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'एकदम वर्किंग, नॉब मऊ फिरतो.' नॉब मऊ फिरतो, खोटं कशाला बोलू. पण ब्लेड घालून नॉबने डोक्यावरची दोन दारं मिटली आणि रेझर ट्यूबलाइटसमोर आडवा धरला, तर एका बाजूला ब्लेड आणि खालच्या पट्टीमधली फट सरळ, आणि दुसऱ्या बाजूला तीच फट एका टोकाकडे निमुळती होत गेलेली. म्हणजे फट कमी-जास्त करायची डायल ४ वर ठेवली तरी एक बाजू ४ ची आणि दुसरी कुठे ३ ची, कुठे ६ ची. एकाच रेझरात दोन रेझर. फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'साठ वर्षांची वस्तू आहे सर, थोडंफार चालायचंच.' डोक्याच्या खाली 'जे २' कोरलंय, म्हणजे १९६४ ची दुसरी तिमाही, ते मलाही वाचता येतं. पण पैसे तर आजच्या भावाने घेतलेत ना!

हा स्लिम, रेड टिप आणि टेक, जिलेटचे जुने तिन्ही रेझर कित्येक महिने आलटून पालटून वापरले. ब्लेड एकच ठेवलं, टोपाझ, नाहीतर रेझर जहाल की ब्लेड जहाल ते कळत नाही.

रेड टिप जिलेटच्या १९५५ च्या तीन सुपर स्पीड रेझरांतला. निळ्या टोकाचा हलक्या दाढीला, साधा मधल्यांना, लाल टोकाचा राठ दाढीला. डायल नाही, नंबर नाही, जसा आहे तसा घ्या. पहिला हात फिरवला की पत्र्यावर खराटा ओढल्यासारखा आवाज येतो. घरच्यांना बाहेर कळतं आज कोणता काढलाय ते. तीन-चार दिवस वाढलेली दाढी मात्र एका सुलट्या हातात साफ. रोज वापरायला गेलात तर कंठाखाली, जिथे केस आडवे उगवतात तिथे, तुरटी लावताना डोळ्यांत पाणी येईल.

टेक अण्णांचा. सुटे तीन भाग, ना दारं ना स्प्रिंग. हे मॉडेल १९३८ पासूनचं. आधी मी तो गणतीतच धरला नव्हता. मवाळ म्हणजे नुसता गालावरून फिरतो आणि काही कापत नाही, असंच वाटायचं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मह्या लग्नाच्या आधीपसून हाये हे. काय बिघडंल त्यात?" खरंच, बिघडायला आहेच काय?

स्लिमबद्दल माझं मत दोनदा बदललं. पुण्याचा एक मित्र रोज ५ वर करतो आणि 'अगदी मऊ चालतो' म्हणतो. मी ५ वर केली तर मान दिवसभर चरचरली. सुरुवातीला सगळा राग त्या तिरक्या फटीवर काढला. मग एक दिवस तांब्याभर आरओचं पाणी घेऊन फेस केला. तोच ५, तेच ब्लेड, आणि मान गप्प. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे साबणाला फेस कुठून यायचा? फेस पातळ पडला की ब्लेड कातडीवर अडखळतं, आणि शिव्या रेझरला बसतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे दाढीला आरओचं पाणी म्हणजे चैन वाटते, म्हणून फक्त फेसापुरतं घेतो, बाकी धुवायला बोअरचंच. (आरओमधून वाया जाणारं पाणी वापरून बघू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.)

दुसरा बदल त्या फटीचा. बोअरच्या पाण्याने दारांच्या बिजागरीत पांढरा थर धरला आणि नॉब जड झाला. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, मग पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकून दोन-तीन मिनिटं बुडवला. जास्त वेळ ठेवायचा नाही, निकेलचा मुलामा जाईल. पट्टीखालून राखाडी चिखल निघाला. आधीच्या मालकाचा साबण, दुसरं काय. त्यानंतर फट बरीच सरळ झाली. पूर्ण नाही. उजव्या टोकाला अजून तिरकीच दिसते, आणि रोज ब्लेड घातलं की मी ती बघतोच. बायको म्हणते, दाढीपेक्षा बघण्यातच जास्त वेळ जातो तुमचा. पण 'एकदम वर्किंग' लिहिणाऱ्याला हा चिखल दिसला नव्हता का?

नंबरचं म्हणाल तर माझ्या हाताला स्लिम ३ वर टेकच्या जवळ येतो, आणि ७ वर रेड टिपची आठवण करून देतो. ९ वर एकदाच गेलो, पुन्हा नाही. नंबर बदलताना आधी नॉब अर्धा फेरा सैल करा. घट्ट असताना डायल फिरवली की आतलं यंत्र झिजतं. आणि नुसती फट मोजून जहाल-मवाळ ठरवू नका. ब्लेडची धार टोपीबाहेर किती डोकावते आणि ब्लेड किती वाकवून घट्ट धरलंय, यावरही बरंच ठरतं. टेकमध्ये ब्लेड नीट दाबलेलं असतं, थरथरत नाही. म्हणूनच शेवटी त्यात फार धारदार असलेलं जपानी फेदर ब्लेड घालून बघितलं. हे ब्लेड रेड टिपमध्ये घालायची माझी हिंमत नाही, पण टेकमध्ये उलट्या हातालाही मान लाल झाली नाही.

खर्चाचं वेगळं सांगायला नको. एका कार्ट्रिजच्या पैशात साध्या ब्लेडची कितीतरी पाकिटं येतात, आणि क्षाराने कार्ट्रिजच्या फटी बुजल्या की ते फेकावंच लागतं. टेक उघडा, धुवा, पुसा, झालं.

तर सध्या रोजचा टेक, लग्नसराईत आळस केला की रेड टिप. दोन-तीन तक्रारींनंतर विकणारा स्लिम परत घ्यायला तयार झाला, पण कुरिअरचा खर्च माझ्याकडून. तो मी देणार नाही. स्लिम ३ वर ठेवलाय, सरळ बाजूनेच वापरतो.