सीसीएनएच्या सरावासाठी जुना स्विच: २९६० की ३५६०?

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. तिच्या सरावासाठी सिस्को कॅटॅलिस्ट २९६० आणि ३५६० हे स्विच (नेटवर्कमधले संगणक जोडणारी उपकरणं) सेकंडहँड बाजारात दोन्ही मिळतात. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी), स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले लूप टाळण्याची पद्धत) एवढाच सराव हवा असेल तर २९६० पुरेसा आहे. पण २०२० पासूनच्या सीसीएनएच्या २००-३०१ परीक्षेत लेअर ३ इथरचॅनलही (अनेक केबल मिळून राउटिंगसाठी केलेली एकच जोडणी) आहे, आणि तिथे २९६० थांबतो. ३५६० वर ‘आयपी राउटिंग’ ही कमांड देऊन राउटिंग चालू केलं की वेगळ्या राउटरशिवाय दोन व्हीलॅन एकमेकांशी बोलतात. त्यावर ट्रंक करताना मात्र आधी ‘डॉट१क्यू’ (ट्रंकवर व्हीलॅन ओळखण्याची पद्धत) वापरायला कमांडने सांगावं लागतं; २९६० ला ती कमांडच नाही. घरात पंख्याचा आवाज फार जाचतो, त्यामुळे बिनपंख्याचं आठ पोर्टांचं मॉडेल शोधा. एकच घ्यायचा तर माझं मत ३५६०. पैसे देण्याआधी कन्सोल केबलने स्विच संगणकाला जोडून ‘शो व्हर्जन’ (मॉडेल आणि सॉफ्टवेअरची माहिती दाखवणारी कमांड) पाहाच.