ऑप्टिकल आउटपुटवर आवाज कुठून कमी-जास्त करायचा? आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढे. मागच्या गल्लीत यंत्रमागाच्या दोन शेड आहेत. दिवसभर खटखट चालते आणि रात्री माग थांबले की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागतो. घरात आप्पा आहेत. तीस-पस्तीस वर्षं मागावर उभं राहून त्यांचे कान अधू झाले आहेत. मला रात्री काम करताना अगदी हळू आवाजात गाणं लागतं, आप्पांना दुपारी भजन मोठ्यानं लागतं. त्यामुळे आवाज कमी-जास्त करणं हे आमच्याकडे दिवसातून वीस वेळा होणारं काम आहे.

आधी कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून साधी केबल ॲम्प्लिफायरला जोडली होती. तिच्यातून सतत घूंऽऽ असा आवाज यायचा. घराचं अर्थिंग जुनं आहे. कॉम्प्युटर एका खोलीतल्या प्लगवर आणि ॲम्प्लिफायर हॉलमधल्या. शेवटी जूनमध्ये मदरबोर्डच्या मागचा ऑप्टिकल आउटपुट वापरायचं ठरवलं. तीन मीटरची ऑप्टिकल केबल घेतली आणि एक छोटा डीएसी घेतला, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा. ऑप्टिकल केबलमधून फक्त लाल प्रकाश जातो, वीज जातच नाही. त्यामुळे दोन्ही उपकरणांचा विजेचा संबंध तुटला आणि घूंऽऽ पहिल्याच मिनिटाला गेलं. आठ महिन्यांत ते एकदाही परत आलेलं नाही. एवढ्यासाठीसुद्धा ही केबल घ्यावी असं मी म्हणेन.

खरी अडचण पुढे आली. डीएसीला आवाजाचा नॉबच नाही. ॲम्प्लिफायरला आहे, पण तो आप्पांनी घेतलेला, जुना. फिरवला की खरखरतो आणि अगदी कमी आवाजावर डावा स्पीकर जवळजवळ गप्प होतो. जुन्या नॉबच्या आतली पट्टी झिजली की दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत. म्हणजे रात्रीच्या हळू आवाजासाठी तो निकामीच. राहिला कॉम्प्युटरमधला आवाज. आणि तिथे जाणकार म्हणवणाऱ्या प्रत्येकानं मला एकच सांगितलं: कॉम्प्युटरचा आवाज शंभरवरच ठेव, खाली आणलास तर बिट जातात (बिट म्हणजे आवाजाची बारकाई साठवणारे डिजिटल अंक), गाण्याची वाट लागते.

मी दोन महिने ते ऐकलं. मग बसून हिशोब मांडला. प्रत्येक बिट साधारण ६ डेसिबलचा. सीडीचं गाणं १६ बिटचं. आउटपुट जर १६ बिटवरच ठेवला आणि आवाज २४ डेसिबलनं उतरवला, तर खालचे चार बिट खरंच जातात. पण आउटपुट २४ बिटवर ठेवला तर १६ बिटच्या गाण्याखाली आठ बिटची जागा मोकळी असते. म्हणजे ४८ डेसिबल खाली आणलं तरी गाण्यातलं काही कापलं जात नाही. विंडोज आतल्या आत आवाजाची सगळी बेरीज-वजाबाकी ३२ बिट फ्लोटमध्येच, म्हणजे भरपूर बारकाई राहील अशा आकड्यांतच, करतं, व्हिस्टा या आवृत्तीपासून. मी रात्री जास्तीत जास्त ३० डेसिबल खाली जाते. मग भीती कसली?

सेटिंग असं केलं: विंडोजच्या साउंडमध्ये प्लेबॅकच्या यादीतला डिजिटल आउटपुट, त्याच्या प्रॉपर्टीज, तिथे ॲडव्हान्स्डमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ. शेजारच्या लेव्हल्समध्ये आकड्यावर राइट क्लिक केलं की टक्क्यांऐवजी डेसिबल दिसतात, ते फार उपयोगी पडलं. माझ्या मशीनवर ५० म्हणजे साधारण उणे १० डेसिबल निघालं. म्हणजे स्क्रीनवरची आवाजाची पट्टी अर्ध्यावर आणली तरी आवाज फारसा पडत नाही. खरी उतरण शेवटच्या पाव भागात आहे.

मात्र जाणकारांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. डीएसीचा स्वतःचा एक बारीक सूं आवाज असतो आणि तो कॉम्प्युटरच्या पट्टीनं कमी होत नाही. ॲम्प्लिफायरचा नॉब पूर्ण फिरवून ठेवला आणि कॉम्प्युटरवर १० ठेवलं, तर गाणं खाली जातं आणि सूं तिथेच राहतं. मी सुरुवातीला हीच चूक करत होते. आता उलट केलंय. आप्पांना लागतो तेवढा मोठ्यातला मोठा आवाज कॉम्प्युटरच्या ९० वर मिळेल, एवढाच ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवला. तो घड्याळातल्या अकराच्या जागी आला. तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्यानंतर त्या नॉबला कुणी हात लावलेला नाही. त्या जागेवर दोन्ही स्पीकर सारखे वाजतात आणि खरखरही नाही. बाकी सगळं कीबोर्डवरच्या बटणांनी होतं. बिट वाचवायच्या नादात लोक दोन्हीकडच्या आवाजाच्या या जुळवणीकडे लक्षच देत नाहीत, आणि फरक मात्र इथेच पडतो.

नॉबला मर्यादा असण्याचा दुसरा फायदा मला ऑगस्टमधल्या एका रात्रीनं शिकवला. तेव्हा ठिपका नव्हता, नॉब बराच वर होता. म्युझिक प्लेअरमध्ये एक्स्क्लुझिव्ह मोड सुरू केला. त्यात प्लेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट आउटपुटशी बोलतो. मी विंडोजची पट्टी १५ वर ठेवून निर्धास्त होते. ती पट्टी त्या मोडमध्ये लागूच होत नव्हती. रात्री पावणेबाराला पूर्ण आवाजात तबला सुरू झाला. आप्पा दचकून उठून बसले, शेजारचं बाळ रडायला लागलं. मला हुडहुडी भरल्यासारखं झालं होतं. सकाळी शेजारच्या काकूंकडे जाऊन माफी मागितली.

दुसरा प्रसंग सिनेमाचा. व्हिडिओ प्लेअरमध्ये पासथ्रू नावाचं सेटिंग होतं, ते मी चालू केलं. त्यात डॉल्बीचा ५.१ ट्रॅक, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज, न उलगडता, दाबलेल्या स्वरूपात तसाच केबलमधून जातो. होम थिएटरचा रिसीव्हर तो उलगडतो. माझा साधा स्टिरिओ डीएसी उलगडत नाही. स्पीकरमधून नुसता कर्कश फर्रर्र आला. आणि अशा दाबलेल्या सिग्नलवर आवाजाची पट्टी चालूच शकत नाही, कारण त्यातले आकडे बदलले तर तो डॉल्बी राहतच नाही. रिसीव्हर असेल तर आवाज रिसीव्हरच्याच रिमोटनं कमी करायचा. साधा डीएसी असेल तर पासथ्रू बंद आणि आउटपुट स्टिरिओ पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा दोन स्पीकरचा आवाज.

आता आप्पांचं. सोलापुरात मागावर काम केलेल्या किती घरांत ही गोष्ट असेल, म्हणून सविस्तर लिहिते. शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. कानाच्या डॉक्टरांनी आप्पांची तपासणी केली तेव्हा आलेख ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली गेला होता. आवाजानं कान गेले की नुकसान बहुतेक तिथूनच सुरू होतं. त्यामुळे नुसता आवाज वाढवला की त्यांना पेटीचे खालचे सूर फार मोठे लागायचे आणि शब्द तरी कळायचे नाहीत. ते म्हणायचे, "अगं, आवाज येतोय की, पण काय म्हणतोय ते कळंना."

मी इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि ३००० ते ४००० हर्ट्झचा भाग ६ डेसिबलनं उचलला. इथे एक काळजी घ्यावी लागते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे मोठ्यातला मोठा आवाज, त्याच्या वर जागाच नाही. गाणं आधीच शून्याला टेकलेलं असतं, त्यात एखादा भाग उचलला की तो फाटतो. म्हणून त्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाज, उणे ६ ठेवायचा. म्हणजे पुन्हा डिजिटल आवाज कमी करणं आलंच, आणि २४ बिटमुळे त्याचा तोटा नाही. पहिल्या दिवशी भीमसेन जोशींचा अभंग लावला तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि ओळी सोबत म्हणायला लागले. एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये हे सॉफ्टवेअर चालत नाही, त्यामुळे तो मोड मी कायमचा बंद केला. त्याची मला काडीचीही खंत नाही.

एक त्रास अजून आहे. काही वेळ काहीच वाजलं नाही की आउटपुट झोपतो. पुढचं गाणं सुरू झालं की डीएसीला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो आणि पहिली अक्षरं गिळली जातात. मी मागे एक संपूर्ण शांत फाइल अखंड वाजवत ठेवते, म्हणजे सिग्नल तुटत नाही. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

भावाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे अल्सामिक्सर या साउंड कार्डच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये डिजिटल आउटपुटला फक्त चालू-बंद मिळालं, पट्टी नाही. डेस्कटॉपवरची नेहमीची पट्टी मात्र व्यवस्थित चालते, कारण ते काम वर पाइपवायर हे आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर करतं. मॅकवर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय जोडलं की आवाजाची पट्टी राखाडीच होते, तिथे साउंडसोर्ससारखं वेगळं ॲप लागतं.

केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवू नका, आतला प्लास्टिकचा धागा दुखावतो. आमच्याकडे धूळ फार, म्हणून न वापरलेल्या भोकाचं टोपण लावूनच ठेवलंय.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर आवाजाचा नॉब असलेला डीएसी घेईन का? परवडला तर हो, पण तो माझ्या हाताशी टेबलावर असेल तरच. सध्या कीबोर्डजवळ एक चिठ्ठी चिकटवली आहे: दुपारी आप्पा ८५, संध्याकाळी ६०, रात्री १८. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत बाहेर रात्रीसुद्धा गजबज होती, तेव्हा शेवटचा आकडा खोडून ३० लिहिला होता. काल तो परत १८ केला.