नव्या मालिकांचा हंगाम: काही महिने रोज बघितल्यावर

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून, मराठी वाहिन्यांवर नव्या मालिकांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याचशा मी नेमाने बघितल्या. पहिल्या आठवड्यात कुठलीही मालिका बरीच वाटते. सेट नवा असतो, चेहरे ताजे असतात आणि मुख्य म्हणजे लेखकाकडे सांगायला गोष्ट असते. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहिते आहे. या हंगामात मालिका तारल्या त्या थोराड वयाच्या, जबाबदाऱ्या अंगावर घेतलेल्या पात्रांनी. जिथे त्यांना बोलू दिलं तिथे मी टीव्हीसमोरून हलले नाही.

आमचं घर ठाण्यात, चरईत. टीव्ही एकच. सासूबाई स्टार प्रवाहच्या, मी झी मराठीची, आणि आठ ते नऊच्या मध्ये रोज वाटाघाटी. मला ऑफिसातून यायलाच साडेसात होऊन जातात, त्यामुळे 'वीण दोघातली ही तुटेना' मी बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये झी फाइव्हवर बघते. इथे एक गोष्ट लक्षात आली. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे, म्हणजे अर्ध्या तासाचा भाग प्रत्यक्षात चोवीसेक मिनिटांचा. टीव्हीवर ब्रेकमुळे खपून जाणारं बरंच काही मोबाइलवर उघडं पडतं. ब्रेकआधीचा धक्का, ब्रेकनंतर तोच धक्का पुन्हा, मग चार जणांचे चेहरे, प्रत्येकावर कॅमेरा झपकन जातो. सलग बघताना कळतं की चोवीसमधली गोष्ट कधीकधी दहाच मिनिटांची आहे.

तरीही 'वीण' मी सोडलेली नाही, याचं कारण स्वानंदी आणि समर. तेजश्री प्रधान आणि सुबोध भावे. लग्नाचं ठरलेलं वय मागे टाकलेली, धाकट्या भावंडांसाठी स्वतःचं सगळं बाजूला ठेवलेली दोन माणसं, आणि त्या भावंडांच्या प्रेमापायीच त्यांची एकमेकांशी गाठ पडते. अशी माणसं प्रत्येक नात्यात असतात. आमच्याकडेही आहेत. लग्नकार्यात त्यांना सगळे कामं सांगतात, पण 'तुझं काय' हे विचारताना आवाजात कीव असते. या मालिकेने स्वानंदीची कीव केली नाही, आणि यासाठी मी तिला भरभरून गुण देईन. तेजश्री प्रधान वाक्य संपल्यावर क्षणभर तशीच थांबते, त्या थांबण्यात अर्धा प्रसंग होऊन जातो. सुबोध भावेंचा समर रागीट आहे, पण तो राग घर चालवून थकलेल्या माणसाचा वाटतो. घरातली कारस्थानं सुरू झाली की मात्र मालिका इतर दहा मालिकांसारखी दिसायला लागते. चोरून ऐकणं, फोन लपवणं, दाराआड उभं राहणं यांची तिला गरजच नव्हती. दोन समजूतदार माणसांनी एका घरात राहायला शिकणं ही पुरेशी मोठी गोष्ट आहे.

'लक्ष्मी निवास' या हंगामाची नव्हे, डिसेंबर २०२४ ची. पण ती सुरू झाली तेव्हा रोज एक तासाची होती, आणि नव्या मालिकांना तिच्याच आसपास जागा शोधायची होती, म्हणून तिच्याबद्दल लिहायलाच हवं. श्रीनिवास आणि लक्ष्मी, निवृत्तीच्या वयाला पोचलेलं जोडपं, आणि त्यांचं हक्काच्या घराचं स्वप्न. ठाण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे अर्ध्या इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्यात आणि उरलेल्या त्याची वाट बघताहेत. तुषार दळवी पैशांचा हिशेब मनात मांडतात तेव्हा मला माझे वडील दिसतात. हर्षदा खानविलकर यांना इतकी वर्षं ठसक्याच्या, करारी भूमिकांत बघितल्यावर ही मऊ, पोरांपुढे हरणारी लक्ष्मी पचायला वेळ लागला, पण आता दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही.

या मालिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र त्यांची मुलगी जान्हवी आणि जावई जयंतच्या संसारात झालं. काळजीच्या नावाखाली पहारा. नवरा श्रीमंत, देखणा, सासरी-माहेरी गोड, आणि बंद दाराआड बायकोचा श्वाससुद्धा मोजणारा. आमच्या महिलामंडळात यावर जेवढं बोललं गेलं तेवढं कुठल्याही व्याख्यानावर बोललं गेलं नसेल. एका बाई म्हणाल्या, 'मारत नाही ना, मग सोसायचं, असंच आम्हाला सांगितलं होतं.' हे मालिकेमुळे तोंडातून निघालं. म्हणूनच पुढचा भाग मला खटकला. जान्हवी समुद्रात उडी घेते, घरचे तिला गेलेली समजतात, आणि मग लपणं, थोडक्यात चुकामूक, पुन्हा लपणं. लेखक जयंतच्या विक्षिप्तपणात रमले आणि जान्हवीला नुसती पळत ठेवली. ती आईबापांसमोर उभी राहून 'माझ्यावर हे झालं' असं कधी सांगते, याचीच मी वाट बघत होते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, चालणारा ट्रॅक कोणी संपवत नाही, हे कळतं. तरी बाईचं दुःख ताणण्याला मर्यादा हवी.

सासूबाईंचं जग वेगळं. 'ठरलं तर मग' २०२२ च्या डिसेंबरपासून चालू आहे आणि त्यांच्यासाठी दर हंगामात तीच नवी. १६ ऑगस्ट २०२५ ला त्यात पूर्णा आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या. पूर्णा आजी गेल्या, असंच घरात म्हटलं गेलं. त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत नीट. पुढे त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीलाही दुसरीच्या खुर्चीत बसणं सोपं नसतं. त्यांनी चांदेकरांची नक्कल केली नाही, स्वतःचा शांत धाक आणला, हे मला आवडलं. सासूबाईंना बरेच दिवस लागले, आता चालतं त्यांना. २०१३ च्या 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये रोहिणीताई आई आजी होत्या आणि तेजश्री प्रधान जान्हवी. आमच्याकडे अजूनही जान्हवी म्हटलं की आधी तीच आठवते, आणि 'लक्ष्मी निवास'वर बोलताना रोज घोटाळा होतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'कमळी'ची शिकण्याची जिद्द मुलीला आवडते, मला सुरुवात आवडली, खलनायिकांचे डाव कंटाळवाणे. 'तारिणी'मध्ये शिवानी सोनार धावते-लढते ते बघायला बरं वाटतं, पण पोलिसी तपास कच्चा आहे. 'काजळमाया' साडेदहाला, तेव्हा मी झोपलेली असते.

'चला हवा येऊ द्या'बद्दल मन दुखतं. २०१४ पासून निलेश साबळे यांच्या आवाजाची सवय लागलेली. जुलैत कार्यक्रम परत आला तो अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली. ते नेटकं काम करतात. महाराष्ट्रभरातून निवडून आणलेल्या नव्या मुलांना मंच दिला ही चांगली गोष्ट आहे, आणि श्रेया बुगडे, कुशल बद्रिके आले की घर हसतंच. फक्त नव्या मुलांच्या प्रहसनांना लेखनाची साथ कमी पडते. मुलं जीव तोडून करतात, पण हातात संहिता नसेल तर आरडाओरडा होतो. गडकरी रंगायतन ऑगस्टमध्ये पुन्हा उघडल्यापासून आम्ही रविवारी नाटकांना जातो, तिथे हे फार जाणवतं. तिथे तोच नट, त्याच ताकदीचा, चांगल्या वाक्यावर तीन सेकंद थांबतो आणि अख्खं थिएटर त्याच्याबरोबर थांबतं.

सध्या माझ्या यादीत रोजची 'वीण' आहे, आठवड्यातून दोन-तीनदा 'लक्ष्मी निवास', आणि सासूबाईंबरोबर 'ठरलं तर मग'. ज्यांना एकच मालिका बघायला वेळ आहे त्यांनी 'वीण' पहिल्या भागापासून बघावी, मोबाइलवर, जाहिरातींशिवाय. कारस्थानांचे भाग पुढे ढकलले तरी गोष्ट कळते.