हप्त्यावरचा गुंठा आणि सातबाऱ्यावर कधीच न चढणारं नाव

लोटे-परशुरामच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार, मिरकरवाडा बंदरात मासळी निवडणारी बाई, रिक्षावाला. यांच्याकडे पगाराची पावती नसते, त्यामुळे गृहकर्ज नाही. अशा घराला कुणी ‘एक गुंठा, बिनव्याजी हप्ते’ म्हटलं की ते हो म्हणतं. फसलेल्याला हावरट ठरवायची आपल्याकडे फार घाई असते, पण यात हाव नाही, अडचण आहे.

या व्यवहारात बनावट कागद क्वचितच सापडतो. सातबारा खरा, नोटरीचा शिक्का खरा, घरपट्टीची पावतीही खरी. फक्त त्यातल्या एकाही कागदाने जमीन तुमची होत नाही.

कोकणातला सातबारा बहुधा सामाईक. पणजोबांच्या जमिनीवर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. एजंट त्यातल्या एकालाच विसार देतो, जेसीबी फिरवतो, चिरे रोवून चुन्याने प्लॉट आखतो. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण नेमका कुठला तुकडा त्याचा हे वाटप झाल्याशिवाय ठरत नाही. म्हणजे तुम्हाला दाखवलेला गुंठा विकायचा त्या एकट्याला अधिकारच नाही. सही न केलेल्या बहिणीने कोर्टातून मनाई आणली की घर जोत्यावर थांबतं. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारे नियम आता सैल झालेत, असं एजंट हमखास सांगतो. झालेही असतील, पण त्याने बहिणीची सही माफ होत नाही.

मग सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तिथे कूळकायदा कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन) असेल किंवा जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी अटींवर दिलेली) असेल, तर परवानगीशिवाय विक्री नाही. ‘खाजगी वने’ दिसलं तर तिथूनच परत फिरा. खाडीलगतचं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन, स्वस्त मिळतं, कारण तिथे सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध) बहुधा घर बांधताच येत नाही. आणि जमीन शेतीची असेल, तर कूळकायद्याच्याच कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘एनए प्रस्तावित’ म्हणजे एनए, बिनशेती, झालेलं नाही.

हप्ते सुरू होतात ते 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या करारावर, सोबत कुलमुखत्यारपत्र. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. मालकीसाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत लागतं. त्यावरून फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मंजूर होतो आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं. घरपट्टी ही फक्त कराची नोंद. ग्रामपंचायत अनधिकृत घरालाही ती लावते.

पहिला रुपया देण्याआधी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा, 15 रुपयांत मिळतो. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला जुना असू शकतो. त्यावरचे फेरफार मागे मागे वाचत जा, कोण वारस गळला ते तिथेच कळतं. वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा शोध घ्या. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, मागा. रंगीत लेआउट कुणीही छापतं. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरहून मोठ्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपुढच्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणी सक्तीची आहे. तिथे करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे खात्यातूनच द्या. रोख दिलेल्याचा माग लागत नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत किंवा पंतप्रधान आवास योजनेत ‘आतून काम करून देतो’ म्हणणाराही याच माळेचा मणी. सोडतीला दलाल नसतो आणि घरकुलाचं अनुदान थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतं.

पैसे अडकले असतील तर एजंटचं वेळापत्रक ओळखा. चाकरमानी गणपतीला आले की सह्या, मग शिमग्याला, मग मे महिन्यात. करारात खरेदीखताची तारीख असेल, तर ते करून मिळण्याच्या दाव्याची मुदत त्या तारखेपासून 3 वर्षं. तारीख नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवलं, तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. एकच गुंठा दोघा-तिघांना विकला असेल, तर सगळ्यांनी मिळून द्या.