अण्णांचा पाय वाचला: प्लास्टिक सर्जरी विभागाचा आमचा अनुभव

उसाच्या हंगामात ट्रॉलीतून सांडलेल्या चिपाडावरून अण्णांची मोटरसायकल घसरली. घोट्याच्या वर नडगी मोडली. रॉड बसला, पण वरची कातडी गेली ती गेलीच. गावाजवळच्या दवाखान्यात तीन आठवडे नुसतं ड्रेसिंग. रोज एकच उत्तर, 'मांस भरून येईल.' हाड मात्र तसंच उघडं, पिवळट आणि कोरडं. ते तीन आठवडे आठवले की मला अजून संताप येतो.

शेवटी कोल्हापूर गाठलं. प्लास्टिक सर्जरीच्या मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. उघड्या हाडाला मांडीची पातळ कातडी धरत नाही, तिला खालून रक्तच मिळत नाही. म्हणून जखमेशेजारचीच कातडी चरबीसकट, तिची रक्तवाहिनी न तोडता उचलायची आणि पंख्याच्या पात्यासारखी फिरवून हाडावर आणायची. अशा उचललेल्या कातडीला फ्लॅप म्हणतात. गुडघ्याजवळची जखम असती तर पोटरीचा स्नायू वळवला असता, घोट्याजवळ तेवढं मांस नसतं. ऑपरेशनआधी पेनाएवढं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, पायावर फिरवलं. एका जागी हुश्श-हुश्श आवाज आला, तिथे शाईने फुली मारली. अण्णा म्हणाले, "पाणाड्या विहिरीची जागा दावतो तसंच की!"

दुसऱ्या रात्री फ्लॅपचं टोक जांभळं पडायला लागलं. रात्रपाळीच्या सिस्टर तासातासाला बोटाने दाबून रंग कसा परततो ते बघत होत्या, म्हणून वेळेत कळलं. डॉक्टर धावत आले, दोन टाके काढले, पाय आणखी उंच केला. उजाडेपर्यंत रंग गुलाबीकडे वळला. टोकाला नखाएवढी जागा काळी पडली, बाकी सगळं जगलं. त्या सिस्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी होती. फ्लॅप उचलला त्या जागी मांडीची कातडी लावतात, आणि ती मांडीच जास्त ठणकते. अण्णा चार रात्री तिनेच विव्हळले. तंबाखूही पूर्ण बंद. तिने रक्तवाहिन्या आकसतात. पाय खाली सोडायचा तोही हळूहळू, सुरुवातीला पाचच मिनिटं.

आता पाच महिने झाले. ती जागा जरा फुगीर दिसते, पण अण्णा काठी घेऊन बांधावर जातात. जखमेत हाड दिसत असेल तर ड्रेसिंगवर दिवस घालवू नका, थेट प्लास्टिक सर्जनला दाखवा. जाताना एक्स-रे आणि जुने सगळे कागद न्या. आमचे अर्धे घरीच राहिले होते, त्यात आणखी एक दिवस गेला.