वर्चस्व-शरणागतीचा ऑनलाइन कोर्स: लेक्चर मस्त, क्विझ भंगार (साडेतीन स्टार)

अभिजात साहित्यातलं वर्चस्व आणि शरणागती असा सहा आठवड्यांचा रेकॉर्डेड कोर्स नुकताच संपवला. नाव वाचून वाटलेलं एकतर चटपटीत काहीतरी असणार नाहीतर रटाळ, पण पहिल्याच लेक्चरला मॅडम रॉबिन्सन क्रूसोचं (निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाची कादंबरी) एक पान घेऊन पाऊण तास त्यावरच बसल्या. क्रूसोने जीव वाचवलेला तिथला माणूस, फ्रायडे, जमिनीला डोकं टेकतो, क्रूसोचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. आता ही जन्मभराच्या गुलामीची शपथ आहे असं सांगतंय कोण तर क्रूसोच! एकमेकांची भाषा येत नाही, जीव वाचवला म्हणून आभारही असतील की. वर खरं नाव न विचारताच याने त्याचं फ्रायडे ठेवून दिलं आणि स्वतःचं नाव काय शिकवलं, तर मास्टर. लहानपणी वाचलेलं मी हे, तेव्हा काही म्हणजे काही खटकलं नव्हतं.

शेक्सपिअरचं टेमिंग ऑफ द श्रू हे नाटक पण भारी घेतलंय. भर उन्हात नवरा पेट्रुकिओ म्हणतो चंद्र काय छान पडलाय, बायको केट म्हणते अहो सूर्य आहे, की लगेच हा घोडे मागे फिरवायला सांगतो, मग ती म्हणते बरं चंद्र, मेणबत्ती म्हणा हवं तर. मॅडमनी हेच आधी खचलेल्या आवाजात आणि मग खोडसाळपणे वाचून दाखवलं, आणि बाई वाकलीये की खेळवतेय हेच कळेना.

व्हीनस इन फर्सची मात्र वाट लावली. १८७० ची कादंबरी, लेखक साखर-मासोख जिवंत असतानाच त्याच्या आडनावावरून मॅसोकिझम (वेदना-अपमान सोसण्यात सुख मिळणं) शब्द निघाला वगैरे गप्पांत लेक्चर संपलं. अहो पण गुलाम कर म्हणून नायक सेव्हरिनच प्रेयसी वांडाच्या मागे लागतो, ती आधी कचरते, मग दोरी नक्की कोणाच्या हातात? यावर अवाक्षर नाही.

आणि क्विझ! इब्सेनच्या डॉल्स हाउस नाटकातली नोरा वर्चस्व गाजवणारी की शरण, एकच पर्याय निवडा. नवऱ्यापुढे खारुताई होऊन बागडणारी ही बाई बापाची खोटी सही करून कर्ज काढते आणि गुपचूप फेडत असते, म्हणून मी पहिल्यावर टिक केली तर चूक. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की आन्सर की फायनल आहे. सर्टिफिकेट हवं होतं म्हणून मुकाट्याने 'शरण'वर टिक केली.