नर्सिंगची जर्मन मान्यता विकत मिळत नाही, ती विकणाऱ्यांपासून सावध राहा

नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनीत नोकरी लागली आहे आणि आपण नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आहोत, अशा माणसांवर सध्या एजंटांचा डोळा आहे. माझे तीन लाख साठ हजार रुपये असेच गेले. ही फसवणूक कशी केली जाते ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या बॅचच्या दोघींना आता त्याच पद्धतीचे फोन येऊ लागले आहेत.

मी मिरजेत एका रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करत होते. बीएस्सी नर्सिंग झालेलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होती. लग्नानंतर नवऱ्याला श्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर म्हणून नोकरी मिळाली, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्यावर, तो पुढे गेला. मला तिकडे नुसतं घर सांभाळत बसायचं नव्हतं. चौकशी करता करता पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीपर्यंत पोहोचले.

तिथल्या माणसाने पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर गेलात तर जर्मनीत नर्स म्हणून आयुष्यात काम करता येणार नाही. आधी इथून मान्यता, मग वर्क व्हिसा, मगच विमानात बसायचं." हे धडधडीत खोटं होतं आणि पुढचा सगळा व्यवहार या एका खोट्यावर उभा होता. खरी परिस्थिती अशी आहे: ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कुटुंब-व्हिसासाठी जर्मन भाषेचं ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीचं, प्रमाणपत्रसुद्धा लागत नाही, आणि तिथे पोहोचल्यावर मिळणाऱ्या निवास परवान्यावर कुठलंही काम करण्याची मुभा असते. म्हणजे जो वर्क व्हिसा तो मला विकत होता त्याची मला गरजच नव्हती. जोडीदाराबरोबर जाणाऱ्यांना हे लोक मुद्दाम गाठतात, कारण घरात एक परदेशी पगार सुरू झालेला असतो आणि लवकर एकत्र राहायची घाई असते.

काम करायची मुभा आणि नर्स म्हणून काम करायची मुभा या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे नर्सिंग हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. 2020 पासून नव्या कायद्यानुसार 'फ्लेगेफाखफ्राउ' किंवा 'फ्लेगेफाखमान' (पात्र नर्स, स्त्री किंवा पुरुष) हे नाव लावायचं तर राज्य सरकारच्या प्राधिकरणाचा परवाना, म्हणजे 'उर्कुंडे', हातात असावा लागतो. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि तुम्ही जिथे काम करणार त्या राज्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हे काम श्टुटगार्टच्या रेगिरुंग्सप्रेझीडिउम या सरकारी कार्यालयाकडे आहे. अर्ज उमेदवार स्वतः करू शकतो आणि शुल्क काही शे युरोंच्या घरात असतं.

यातलं त्या माणसाने काहीच सांगितलं नाही. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला होता, त्या बातमीचं कात्रण फ्रेम करून टेबलामागे लावलं होतं. "आपलं थेट त्या राज्याशी काम आहे, आपल्या मराठी मुलींसाठी कोटा आहे," असं तो म्हणायचा. त्या कराराशी संबंध दाखवणारा एकही कागद त्याने कधी पुढे केला नाही.

पैसे हप्त्याहप्त्याने गेले. नोंदणीचे पंचवीस हजार, फाइल आणि भाषांतराचे नव्वद हजार, 'मान्यता शुल्क' म्हणून पावणेदोन लाख आणि शेवटी नोकरी लावून देण्याचे सत्तर हजार रोख. रोखीची पावती दिली नाही. बाकीच्या पावत्यांवर 'डॉक्युमेंटेशन' असं लिहिलेलं आहे, नोकरीचा उल्लेख कुठेच नाही. मान्यता शुल्कासाठी बाबांनी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दोन गोष्टी विशेष सांगते, कारण फास त्यातच आहे. पहिली, माझ्या अर्जासाठी त्याने माझ्या नावाने नवा ईमेल पत्ता उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "जर्मन मेल तुम्हाला कळणार नाहीत, आम्ही बघतो," म्हणाला. दुसरी, त्याने बजावलं की तिकडच्या ऑफिसला थेट मेल केली तर फाइल काळ्या यादीत जाते. अशी कुठलीही काळी यादी नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर देणं हे त्या कार्यालयांचं रोजचं काम आहे. पण घाबरलेला माणूस विचारत नाही, आणि तेच त्याला हवं होतं.

काही महिन्यांनी "अभिनंदन ताई, मान्यता आली!" असा निरोप आला. सोबत जर्मन भाषेतला कागद. वर माझं नाव, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, खाली बॉनच्या कार्यालयाचं नाव. घरी पेढे वाटले. त्याच सुमाराला नवऱ्याने कुटुंब-व्हिसाचं काम पुढे नेलं होतं, वर्क व्हिसा काही येत नव्हता, तेव्हा मी त्या व्हिसावर निघाले.

श्टुटगार्टमध्ये एका वृद्धाश्रमात मुलाखत झाली. नर्सिंग विभागाच्या प्रमुख बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी माझा कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "उर्कुंडे कुठे आहे?" मी त्याच कागदाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. तो कागद बनावट नव्हता. बॉनला परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणारं केंद्र आहे, ते तुमची विद्यापीठाची पदवी जर्मन पदवीच्या तुलनेत कुठे बसते याचं निवेदन देतं. शुल्क साधारण दोनशे युरोंच्या आसपास. इतर क्षेत्रांत नोकरी शोधताना त्याचा उपयोग होतो, पण नियंत्रित व्यवसायात ते व्यवसायाच्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही. कुणीही ऑनलाइन मागवू शकेल असं निवेदन मला 'मान्यता' म्हणून पावणेदोन लाखांना विकलं होतं.

त्याच रात्री नवऱ्याने आणि मी राज्याच्या प्राधिकरणाला मेल लिहिली. उत्तर आलं की माझ्या नावाने तिथे कुठलाही अर्ज नाही. भाषांतरंही निरुपयोगी निघाली, कारण ती शपथबद्ध भाषांतरकाराने केलेली नव्हती. आणि 'जर्मन भाषेची बी१ पातळी पुरे' हे त्या एजंटने दिलेलं आश्वासनही खोटं. नर्सिंगच्या परवान्यासाठी त्याच्या वरची बी२ पातळी लागते आणि तिचं प्रमाणपत्र गोएथे, टेल्क यांसारख्या मान्य परीक्षेचं लागतं. एजंटच्या स्वतःच्या क्लासचं प्रमाणपत्र तिथे कुणी बघत नाही. पुण्यात गोएथे संस्थेचं मॅक्सम्युलर भवन असताना आम्ही त्याच्या क्लासला बसत होतो.

'सहा महिन्यांत पूर्ण मान्यतेची हमी' असं कुणी म्हणालं तर ते का खोटं असतं, तेही कळू द्या. प्राधिकरण तुमच्या शिक्षणाचे विषयवार तास, थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्ही, जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. आपलं शिक्षण मुख्यतः रुग्णालयाभोवती फिरतं, तिथल्या अभ्यासक्रमात वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा हा मोठा भाग आहे. त्यामुळे भारतातून आलेल्या बहुतेक नर्सना 'डेफिझिट-बेशाइड' येतो, म्हणजे काय कमी पडतं ते सांगणारं पत्र. तो नकार नसतो. त्यानंतर एकतर रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण पूर्ण करायचं किंवा तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी ज्ञान-परीक्षा द्यायची. कामाचा अनुभवही मोजला जातो, म्हणून जुन्या रुग्णालयाकडून विभाग आणि कालावधी स्पष्ट लिहिलेलं पत्र निघतानाच घ्या. हे टप्पे पैसे देऊन वगळता येत नाहीत.

मी स्वतः नव्याने अर्ज केला. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि कौन्सिलकडून कागद मिळवायला भावाने नाशिक-मुंबई केली. मला अपेक्षेप्रमाणे कमतरतेचं पत्र आलं, बी२ पास झाले, आता एका रुग्णालयात पूरक प्रशिक्षण चालू आहे. तोवर सहायक म्हणून पगार मिळतो, तो नर्सच्या पगारापेक्षा कमी असतो. त्या माणसामुळे माझं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं आणि त्या वर्षाचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

ज्यांना माहिती हवी आहे त्यांच्यासाठी जर्मन सरकारची 'अनेरकेनुंग इन डॉइचलांड' ही वेबसाइट आहे, इंग्रजीतही. आपला व्यवसाय आणि शहर टाकलं की कुठल्या कार्यालयात अर्ज करायचा ते दिसतं. परदेशातून अर्ज करणाऱ्यांना व्यवसाय-मान्यतेसाठीचं बॉनचं केंद्रीय सेवाकेंद्र मोफत सल्ला देतं. जर्मनीत पोहोचल्यावर 'आयक्यू' नेटवर्कची सल्ला केंद्रं आहेत, तीही मोफत. मला तिथल्या बाईंनी अर्ज ओळ न् ओळ तपासून दिला.

आणि आपल्या बाजूचा कायदा: परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला 1983 च्या एमिग्रेशन (उत्प्रवासन) कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. माझ्या एजंटच्या भिंतीवर जीएसटीचं आणि आयएसओचं प्रमाणपत्र होतं, भरतीचं नव्हतं. 'आम्ही एजंट नाही, कन्सल्टंट आहोत' असं म्हणून नोकरीचे पैसे घेणारा माणूस दिसला की तिथेच थांबा.

म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून मी बाबांच्या नावे पाठवलं, त्यावर पुण्यात पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ग्राहक आयोगातही जाणार आहोत. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, यूपीआयच्या नोंदी, तो कागद, सगळं जोडलं आहे. ज्यांची फाइल अजून अशा कुणाकडे 'चालू' आहे त्यांनी आजच ईमेलचा पासवर्ड मागून घ्या, चॅट डिलीट करू नका, आणि संबंधित राज्याच्या प्राधिकरणाला स्वतःच्या पत्त्यावरून लिहून आपल्या नावाने अर्ज पोहोचला आहे का एवढंच विचारा.